नागमोडी अक्षरे

त्या राज्यात कोणी काही लक्षात ठेवत नसे. ते काम पानांचे होते.

पाणवठ्याची वाट, विंचू चावल्यावर उगाळायची मुळी, कोणाचे पिल्लू कोणत्या कपारीत जन्मले, कोणत्या दोन कळपांचे कशावरून बिनसले आणि मग कसे मिटले, हे सारे पानांवर टोचून ठेवलेले असे. जंगलाच्या मधोमध एका काळ्या कातळाखाली लांबच लांब पोकळी होती. तिला पानघर म्हणत. हवे ते पान उजेडात धरले की टोच्यांतून प्रकाशाचे बारीक ठिपके खाली उतरत, आणि ज्याच्या अंगावर ते पडत त्याला पानातले सगळे उमगे. उमगले की तो आपल्या वाटेने जाई आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जाई. त्यामुळे तिथल्या प्राण्यांची मने हलकी असत, पिल्ले उडून गेलेल्या घरट्यांसारखी.

ही पाने एका वेलीची होती, आणि वेल पानघरात मावत नव्हती. तिचे फुटवे कातळाच्या फटींतून बाहेर पडून प्रत्येक बिळात, ढोलीत आणि जाळीत पोचले होते. पानघरात एक टोचा पडला की त्याच क्षणी दूरच्या गुहेतल्या पानावरही तो उमटे. वेल सर्वदूर नेली होती ती सोयरा नावाच्या साळिंदरणीने. पानघराची राखण तिच्याकडे होती आणि टोचायचे कामही, आपल्याच गळलेल्या काट्याने. पूर्वी प्राण्यांना पान वाचायला पानघरापर्यंत चालत यावे लागे. आता कोणी येत नसे. सोयराला ती शांतता आवडे. वेलीत रस वाहत असल्याचा बारीक आवाज ऐकत ती दिवसच्या दिवस टोचत बसे, आणि सगळे जंगल आपल्या पाठीवरून अलगद चालते आहे असे तिला वाटे.

उन्हाळा सरत आला की चितळांचा कळप दलदल ओलांडून पलीकडच्या कुरणात जाई. दलदलीतली घट्ट जमीन दर वर्षी थोडी सरके. काठावर राहणारा बगळा ती पाहून ठेवी आणि वेलीच्या शेवटच्या फुटव्यावरून कळवी. त्या वर्षी एका धुकट सकाळी बगळ्याकडून एक दुमडलेले पान आले. वर त्याच्याच लांब चोचीचे खोल टोचे होते. "वाट बदलली आहे. ताबडतोब उघडून पाहावे."

सोयराचा काटा हवेत थांबला. बगळ्याने आजवर कधी ताबडतोब असा शब्द वापरला नव्हता. एका पायावर अर्धा दिवस उभा राहणारा प्राणी तो. पण चितळांच्या कळपाला निघायची वेळ जवळ आली होती, आणि दलदलीच्या बाबतीत उशीर नको असे सोयराला वाटले. तिने घडी उलगडली. आत काहीच नव्हते. पान कोरे होते, फक्त खालच्या बाजूने किंचित ऊबदार. बगळा आता थकला, असे मनाशी म्हणत तिने ते पान वेलीला जोडून ठेवले.

पाच दिवस काही झाले नाही.

सहाव्या दिवशी सकाळी एक मुंगूस पानघराच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. त्याच्या बिळातले पान काही सांगत नाही, अशी त्याची तक्रार होती. सोयराने मूळ पान उजेडात धरले. ठिपके उतरलेच नाहीत. मुंगसाच्या पाठीवर एक नागमोडी रेघ पडली, वाट चुकलेल्या ओढ्यासारखी. ती वळत होती, परत येत होती, स्वतःलाच ओलांडत होती. मुंगूस काही उमगेल म्हणून थांबून राहिले, आणि काही उमगले नाही.

सोयराने दुसरे पान घेतले, तिसरे घेतले. मग ती रांगेने घेत सुटली. प्रत्येक पानात दोन सालींच्या मधून कोणीतरी चालत गेले होते. टोचे उचलून दुसरीकडे ठेवले होते. पाने हिरवीगार होती, आपापल्या जागी होती, आणि एकही वाचता येत नव्हते. प्रत्येकाच्या कडेने बारीक अक्षरांची तीच किनार होती.

"तुमची पाने सुखरूप आहेत. काळजी नसावी. एकही टोचा आम्ही नष्ट केलेला नाही, केवळ जागा बदलल्या आहेत. कोणता टोचा कुठे ठेवला, ते आम्हांला ठाऊक आहे. यंदाचा सगळा मध सीमेवरच्या वठलेल्या सावरीच्या ढोलीत ठेवावा. सात दिवसांनंतर आम्हीही विसरून जाऊ."

सहीच्या जागी एक मिटलेला कोष होता.

दुपारपर्यंत जंगलातले चालणे थांबले. रानकोंबडी अंड्यांपासून चार पावलांवर उभी राहून ती आपलीच का, असा विचार करत राहिली. दोन कोल्हे समोरासमोर आले आणि आपले भांडण आहे की मैत्री हे आठवेना म्हणून तसेच बसून राहिले. कोणी ओरडत नव्हते. झोपेतून उठल्यावर घर ओळखू येऊ नये तसे सगळे एकमेकांकडे पाहत होते.

म्हाताऱ्या गव्याने सर्वांना कातळापाशी बोलावले. राज्याचा कारभार त्याच्याकडे होता.

"मध देऊन टाकू," तो म्हणाला. "फुलं आहेत, माशा आहेत, मध पुढच्या वर्षी पुन्हा होईल. पानं पुन्हा कुठून आणायची?"

"दादा, मला मधाचं काही नाही," चितळांची म्होरकी बिंदा म्हणाली. "अकरा पाडसं आहेत कळपात. इथलं गवत आणखी दहा दिवस पुरेल. त्याच्या आत मला वाट पाहिजे. ती कोण देतो ते मी बघणार नाही."

तेवढ्यात कातळावरून एक बारीक, कोरडा आवाज आला. तिथे एक कुंभारीण माशी बसली होती. मातीच्या इवल्या सुगड्या घडवून त्यांत अळ्या भरून ठेवणारी ही माशी कोणाच्या बैठकीला सहसा येत नसे.

"मध दिल्यावर पानं उघडतील कशावरून?" ती म्हणाली. "पण ते नंतर. आधी वेल तोडा. तुम्ही बोलत बसलात तेवढ्यात वरच्या अंगाची आणखी चार बिळं गेली."

"वेल तोडायची?" सोयराने विचारले.

"अळी वेलीतूनच चाललीय, बाई. फुटवा फुटव्याला धरून आहे तोवर मी इकडे एक काढीन आणि तिकडे दहा शिरतील."

सगळे सोयराकडे पाहू लागले. तिने ती वेल वर्षानुवर्षे बोटाबोटाने वाढवली होती. कोणता फुटवा कोणत्या पावसाळ्यात कुठल्या फटीतून बाहेर काढला, एवढे एक तिला पान न पाहता सांगता आले असते. ती पुढे झाली आणि कातळाच्या तोंडाशी, जिथे सगळे फुटवे एकत्र येत, तिथे तिने दात लावले. रस तोंडात आला. तो गोड असेल असे तिला नेहमी वाटे. तो कडू होता. सूर्य कलेपर्यंत ती एकेक फुटवा तोडत राहिली, आणि प्रत्येक तुटल्यावर जंगलाच्या एका कोपऱ्यातून येणारा आवाज बंद होत गेला.

मग कुंभारीण पानघरात शिरली. पानापानावर बसून ती मिशांनी चाचपत होती. बऱ्याच वेळाने ती एका पानाशी थांबली. ते कोरे होते. त्याच्या खालच्या बाजूला रिकाम्या अंड्यांची टरफले चिकटली होती.

"हे कोणाकडून आलं?"

"बगळ्याकडून," सोयरा म्हणाली. "निदान टोचे त्याचे होते."

"टोचे कोणीही कोणाचेही काढतो. बगळ्याला विचारलंत?"

सोयराने ते पान उचलले. मग ती बाहेर आली आणि सर्वांसमोर म्हणाली, "पान मी उघडलं. मला शंका आली होती, तरी उघडलं."

गव्याने मान खाली घातली. रानकोंबडीने तोंड फिरवले. बिंदा एकटक सोयराकडे पाहत राहिली, आणि त्या पाहण्यापुढे सोयराचे सगळे काटे आपोआप उभे राहिले, जणू कोणी तिच्यावर धावून येत होते.

"कोणीतरी उघडलेलंच असतं," कुंभारीण म्हणाली. "मी अळ्या काढायला लागते. पण नीट ऐकून ठेवा. अळ्या काढीन, अक्षरं परत आणता येणार नाहीत मला. ती दोन वेगळी कामं आहेत."

तिने कामाला सुरुवात केली. पानाच्या सालीला कान लावायचा, आत हालचाल लागली की नेमके तिथे टोचून अळी बाहेर ओढायची आणि मातीच्या सुगडीत बंद करायची. एक दिवस गेला, दुसरा गेला. संध्याकाळी सगळी पाने निवलेली असत आणि सकाळी पुन्हा आत काहीतरी चालत असे. तिसऱ्या दिवशी कुंभारीण पाने सोडून वेलीच्या बुडाशी गेली. तिथे मुळाच्या गाठीत अळ्यांचा एक घोळका निजला होता. रोज पहाटे त्यातल्या थोड्या जाग्या होऊन वर चढत. सोयराने गाठ कुरतडून उघडी केली आणि कुंभारणीने ती रिकामी केली. त्या दिवशी दोघींचे काम एका हाताचे असल्यासारखे झाले.

चौथ्या दिवशी दुपारी बिंदा पानघराच्या तोंडाशी आली. तिचे खूर मधाने चिकट झाले होते.

"मी गेले होते सावरीपाशी," ती म्हणाली. "अस्वलांच्या गुहेतून मधाची तीन पोवळी मागून घेतली आणि ठेवली ढोलीत. कोणी दिसलं नाही. परत फिरले तर पायाशी एक धागा पडला होता."

"मग?"

"तो पानांवर धरला तेव्हा चार पानं वाचता आली. आमच्या जाळीतल्या फुटव्यावरची. एकावर कोल्ह्यांचं गाणं होतं. एकावर कुठली तरी मुळी होती. उरलेली दोन कसली ते कळलंच नाही. वाट नव्हती त्यात. आणि धाग्याच्या टोकाला लिहिलं होतं, मध कमी पडला." बिंदा खाली बसली. "सोयराताई, मी तुमच्याकडे तसं बघायला नको होतं."

"बघायला हवंच होतं," सोयरा म्हणाली. ती बिंदाच्या शेजारी येऊन बसली. मग सोयरा हळूच म्हणाली, "एक जागा आहे. मी कोणाला सांगितलं नाही, कारण तिथलीही चूक माझीच आहे."

जंगलाच्या पूर्वेला एक तळे होते आणि तळ्याच्या मधोमध एक उघडा खडक. तिथे वेल पोचली नव्हती, कारण पाण्यावरून वेल जात नाही. सोयराची आई पानघर सांभाळत होती तेव्हा ती दर पानगळीला प्रत्येक पान दुसऱ्या पानावर टोचून घेई, ते उन्हात खडखडीत वाळवी आणि येसू नावाच्या पाणमांजरीच्या पाठीवर बांधून खडकावर पाठवी. ते फार कंटाळवाणे काम होते. वेल सगळीकडे पोचली तेव्हा सोयराला वाटले, एकच गोष्ट शंभर बिळांत असताना एकशे एकावी कशाला. तिने पाठवणे बंद केले.

दोघी तळ्याकाठी आल्या तेव्हा येसू पाण्यातून डोके वर काढून हसली. तिच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"तीन वर्षं येऊन बसतेय मी या काठावर," ती म्हणाली. "पानं झडली की यायचं, ऊन उतरेपर्यंत थांबायचं, आणि जायचं. मला वाटलं, तुम्ही टोचणंच सोडून दिलं असेल."

"मावशी, जुनी पानं आहेत?"

"आहेत की. कपारीत आहेत. खडकावर कोण येतंय त्यांना हात लावायला?"

येसूने सात खेपा केल्या. पाने तपकिरी होती, नखाने वाजत होती, त्यांच्यात रसाचा थेंब नव्हता. सोयराने त्यातले एक सूर्यासमोर धरले. ठिपके बिंदाच्या मानेवर उतरले आणि बिंदाने डोळे मिटले. पाणवठ्याची वाट तिच्या आत उलगडत गेली.

त्याच संध्याकाळी गव्याला ती सगळी पाने वेलीवर उतरवून हवी होती. सोयरालाही तेच हवे होते. कुंभारणीने दोघांची वाट अडवली. "दोन सकाळी जाऊ द्या. दोन्ही सकाळी एकही अळी दिसली नाही, तर मग."

पहिल्या सकाळी एक दिसली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळी दिसली नाही. तेवढ्यात सातवा दिवसही येऊन गेला. त्या दिवशी सगळे जंगल कान टवकारून होते. सावरीच्या दिशेने वारा आला, थोडी धूळ आली, आणि दिवस मावळला. कोष उलगडून कोणी बाहेर आले नाही. तो कोणाचा होता हे कोणालाच कधी कळले नाही.

जुनी पाने पानघरात परतली, पण दलदलीची वाट तीन वर्षांपूर्वीची होती. सोयराने ठरवले की कळपाबरोबर आपणही जायचे. पुढे बिंदा, तिच्या मागे सोयरा, तोंडात काटा आणि गळ्यात दोन वाळकी कोरी पाने. दलदलीवर पांढरे धुके होते आणि पाण्यात आकाश इतके स्वच्छ पडले होते की पाऊल कशात टाकतो आहोत ते कळत नव्हते. खऱ्या बगळ्याने काठावरून मान हलवली. त्याने यंदा काहीच कळवले नव्हते. जमीन अजून सरकतेच आहे, एवढेच तो म्हणाला.

जुने पान अर्ध्या वाटेपर्यंत खरे निघाले. त्यापुढे पानात सांगितलेला खुणेचा दगड नव्हता.

"गेल्या वर्षी इथून कोण कसं गेलं?" सोयराने विचारले.

लक्षात ठेवायची सवयच कोणाला नव्हती. मग एक म्हातारी मादी चाचरत म्हणाली, "आठवत नाही. पण डावा पाय गार पडला होता, तेवढं पायाला माहीत आहे." दुसरी म्हणाली, केवड्याचा वास आधी उजवीकडून आला आणि मग पाठीमागून. तिसऱ्या एका नराला एवढेच ठाऊक होते की उन्हं डोळ्यांवर आली तेव्हा पाण्याचा आवाज थांबला होता. सोयराने प्रत्येकाचे बोलणे टोचून घेतले. बिंदा डावीकडे सरकली, थंड चिखलाच्या कडेकडेने, केवड्याचा वास पाठीमागे जाईपर्यंत. एकदा तिचे पुढचे पाय छातीपर्यंत रुतले. दोन नरांनी शिंगे तिच्या पोटाखाली घालून तिला वर काढले. ती थरथरत उभी राहिली, तिने अंग झटकले आणि पाऊल जरा उजवीकडे टाकले. सोयराने ते पाऊलही टोचले. दुपारी पाण्याचा आवाज थांबला. समोर कुरण होते, आणि पाडसे आयांच्या पोटाखालून निघून त्यात धावत सुटली.

परत आल्यावर सोयराने एक पान पानघरात ठेवले आणि दुसरे येसूला दिले. मग कितीतरी दिवस प्राणी चालत पानघराशी येत राहिले. गेल्या तीन वर्षांतले ज्याला जे आठवेल ते सांगायचे आणि सोयराने टोचायचे. पुष्कळसे सापडले. पुष्कळसे सापडले नाही. नागमोडी पानांचा ढीग कातळाबाहेर वाढत गेला. तो जाळून टाकायचे ठरले.

जाळायच्या दिवशी सोयरा ढिगात काहीतरी शोधत होती. कुंभारीण शेजारी येऊन बसली.

"काय हरवलं?"

"आई गेली त्याला दोन वर्षं झाली," सोयरा म्हणाली. "शेवटच्या दिवसांत ती बोलत होती ते मी टोचून घेतलं होतं. खडकावर पाठवलं नव्हतं. आणि पानावर आहे म्हणून लक्षातही ठेवलं नाही. ती काय म्हणाली ते मला आता माहीत नाही."

"मी आधीच सांगितलं होतं. अक्षरं मला..."

"ठाऊक आहे."

तिला ते पान मिळाले. तिने ते उन्हात धरले. तिच्या पुढच्या पायांवर नागमोडी रेघ पडली, वळली, परत आली. रेघेत कुठेतरी आईचे सगळे शब्द होते, एकही कमी नव्हता. सोयरा ऊन सरकेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिली.

"एक सुगडी करून दे मला," मग ती म्हणाली. "जरा मोठी."

"जे वाचता येत नाही ते ठेवून काय करणार, बाई?"

"आज येत नाही."

कुंभारणीने तळ्याकाठची माती आणली, थुंकीने मळली आणि सुगडी घडवली. अळ्यांच्या सुगड्यांपेक्षा ती कितीतरी मोठी झाली, आणि दुपारभर वाळत ठेवावी लागली. सोयराने आईचे पान आत अलगद उतरवले. कुंभारणीने तोंड लिंपायला मातीचा गोळा उचलला.

"थांब," सोयरा म्हणाली.

तिने एक वाळके पान घेतले, आईच्या पानाच्या मापाने कडा कुरतडून सारख्या केल्या, आणि ते कोरे पान सुगडीत त्याच्या शेजारी ठेवले. त्यावर आपला एक काटा ठेवला. मग ती बाजूला झाली, आणि कुंभारीण तोंड लिंपू लागली.